शेवटची चार पानं

दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोनवर सांगितलं, "कुंदाताई, एकतीस वर्षं टायपिंग केलंत. गमतीजमती लिहा, हलकंफुलकं असू द्या." मी हो म्हटलं. लिहायला बसले तर हलकं काही येईना. जे आलं ते रागानंच आलं. तेव्हा संपादकांनी माफ करावं. आवडलं नाही तर छापू नये, पण छापलं तर माझा एकही शब्द बदलू नये. ही अट का घालते ते पुढे कळेल.

दारव्ह्याला तहसील कचेरीच्या भिंतीला लागून टिनाच्या शेडमध्ये मी टाइपरायटर मांडला तेव्हा तिथं बसणारी बाई मी एकटीच होते. नंतर बाजार ओळीत एक खोली घेतली, कॉम्प्युटर आला, पाटी लागली. अर्ज, प्रतिज्ञापत्र, लग्नपत्रिका, कॉलेजची स्मरणिका, कोणाचा प्रबंध, कोणाच्या कविता. बाहेरच्या माणसाला वाटतं, टायपिंग म्हणजे बघून बघून अक्षरं दाबणं. तसं नसतं. चांगला टाइपिस्ट वाचतच नाही. डोळा शब्द उचलतो, बोटं ठेवतात. मधे डोकं आलं की चूक झालीच. एका भावाचा दुसऱ्या भावाविरुद्धचा अर्ज सकाळी टाइप करायचा आणि दुपारी त्या दुसऱ्याचा पहिल्याविरुद्धचा, आणि दोघांनाही चहा विचारायचा. डोकं मधे आणलं तर हा धंदा होत नाही. हे मी मोठ्या अभिमानानं सांगत असे. आता त्याच गोष्टीची चीड येते.

कारण डोकं बाजूला ठेवून मी काय काय टाइप केलं ते बघा. एका गावच्या सरपंचबाईंचं लेटरहेड करायला त्यांचा नवरा आला. बाईंचं नाव वर, बारीक. खाली ठळक अक्षरात याचं नाव, पुढे 'सरपंचपती'. मोबाइल नंबर याचाच.

"मॅडमचा नंबर?" मी विचारलं.

"तिले फोन कायले लागते?" तो म्हणाला. मी टाइप केलं.

दुसरी गोष्ट आजवर कोणाला सांगितली नव्हती. जिनिंगमध्ये कापसाचं काम करून एका बाईनं मुलगी एकटीनं वाढवली होती. मुलीच्या लग्नाची पत्रिका तिच्या काकांनी करून घेतली. काका, मामा, आजोबा, मानाची माणसं, अठरा नावं. आईचं नाव नाही. पत्रिकांचे गठ्ठे न्यायला ती बाई स्वतः आली. वाचता येत नव्हतं. पत्रिका हातात घेऊन म्हणाली, "ताई, माह्यं नाव कुठं हाय, दाखवा बरं." मी पत्रिकेवर एका ठिकाणी बोट ठेवलं आणि म्हटलं, "हे बघा, हे." तिनं त्या ओळीवरून अंगठा फिरवला आणि खूश होऊन गेली. ते तिच्या दिराचं नाव होतं.

असं माझं काम. आता शेवंताबाईंचं सांगते.

शेवंता राठोड दारव्हा-आर्णी रस्त्यावरच्या एका तांड्यात अंगणवाडी सेविका. वय पन्नाशीचं. बाजाराच्या दिवशी काळीपिवळी जीपनं आल्या, नायलॉनची पिशवी टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "कादंबरी हाय. टाइप करून द्या." पिशवीत अंगणवाडीतल्या जुन्या तक्त्यांचा ढीग. एका बाजूला लेकरांची वजनं, पाठच्या कोऱ्या बाजूवर कादंबरी. सात वर्षं लिहीत होत्या. पोरांना खिचडी वाढून झाली, पोरं पांगली की लिहायला बसायचं.

कादंबरी जुन्या काळातली. त्यांच्या लोकांचे तांडे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरत, त्याला ते लदेणी म्हणतात. आगगाडी आली, माल रुळांवरून जाऊ लागला आणि लदेणी बसली. त्या काळातली एक बाई, सोनकी. एका म्हाताऱ्या कारकुनाकडून ती अक्षरं शिकते आणि दारव्ह्याच्या कचेरीबाहेर लिंबाखाली बसून लोकांचे अर्ज लिहून देऊ लागते. अर्जाखाली अंगठा दुसऱ्याचा, लिहिणारीचं नाव कुठंच नाही. मग एक दिवस ती स्वतःचंच लिहायला घेते. नवरा वाईट नाही. मारत नाही, पीत नाही. फक्त म्हणतो, आधी मला वाचून दाखव, काय ठेवायचं ते मी सांगतो. सोनकी कागद बांधते आणि निघते. कचेरीमागं एक खोली घेते आणि म्हातारी होईपर्यंत तिथं लिहीत, स्वतःची भाकर खात राहते.

तिसऱ्या प्रकरणात माझी बोटं थांबली. मी वाचत होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा डोकं मधे आलं, आणि आलं ते दीडशहाणं होऊन आलं. मला वाटलं, एवढं चांगलं पुस्तक, भाषा जरा नीट करावी. सोनकी म्हणे 'मले', मी केलं 'मला'. 'काहून'चं 'का'. पहिलं प्रूफ वाचून शेवंताबाईंनी चष्मा काढला.

"कुंदाताई, माह्यी सोनकी कोन्या शाळेत शिकली हो?"

"म्हणजे?"

"पुण्यावानी बोलून राह्यली."

मी शरमले. घाईघाईनं कॉम्प्युटरला हुकूम दिला, सगळे 'मला' काढ, 'मले' टाक. यंत्राला काय कळतं? कमलाबाईची 'कमलेबाई' झाली आणि दुधावर 'मलेई' आली. शेवंताबाई खुर्चीत डोलून हसल्या. मग आम्ही दोघींनी बसून एकेक शब्द हातानं परत आणला. त्यात तीन महिने गेले. दर बाजाराला त्या यायच्या, येताना तुरीच्या शेंगा नाहीतर बोरं आणायच्या, पण प्रूफ तपासताना गोडीगुलाबी नाही. एक वेलांटी सोडत नसत. त्यांच्याइतका चोख लेखक माझ्याकडं दुसरा आला नाही, आणि माझ्याकडं प्राध्यापक येत.

त्या प्राध्यापकांतलेच एक सर. निवृत्त झालेले, यवतमाळला राहतात, छोटी प्रकाशन संस्था चालवतात. नाव लिहीत नाही. त्यांना नावाची फार हौस आहे, ती मी कशाला पुरवू? माझ्या टेबलावरची प्रूफं त्यांनी चाळली, घरी नेली, आणि आठ दिवसांनी, बाजाराच्या दिवशी शेवंताबाई बसलेल्या असताना, येऊन म्हणाले, "अस्सल आहे. मी काढतो हे पुस्तक." शेवंताबाईंचे डोळे भरून आले.

"फक्त शेवट," सर म्हणाले. "शेवट नकारात्मक आहे. बाई एकटी म्हातारी होते, हे वाचकाला काय देतं? ती परत यावी. नवऱ्याला पश्चात्ताप व्हावा. दोघं मिळून तांड्यात शाळा काढतात, असं काहीतरी."

"पर ती परत गेली नाही न सर."

"अहो, तुमचीच कादंबरी आहे. तुम्ही नेली तर जाईल."

"म्हणूनच म्हनते. माह्यी हाय. नाही जात ती."

सर हसले. "बघू," म्हणाले. मोठ्या माणसांचं 'बघू' म्हणजे ठरलेलं असतं, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

आठवडाभरानं सर आले ते शेवंताबाईंच्या नवऱ्याला घेऊन. उत्तम मास्तर, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. शेवंताबाई त्या दिवशी प्रशिक्षणाला यवतमाळला गेल्या होत्या, आणि दोघांना ते माहीत होतं. सरांनी खिशातून घडी घातलेले कागद काढले. नवीन शेवट. स्वतः लिहिला होता, झोकदार अक्षरात. सोनकी परत येते, नवरा तांड्याच्या वेशीवर उभा असतो, मागं सूर्य उगवत असतो.

"हे शेवटचं प्रकरण म्हणून घ्या," सर म्हणाले. "जुनं काढून टाका. उद्या ट्रेसिंग पेपरवर प्रिंट काढून हवं, प्रेसला द्यायचं आहे."

"शेवंताबाईंना विचारलं?"

सरांनी मास्तरांकडं बघितलं. मास्तर जमिनीकडं बघत म्हणाले, "ती हो म्हनली."

हे खोटं होतं. मला माहीत होतं, सरांना माहीत होतं, आणि मास्तरांचे कान लाल झाले होते. मग तेच बोलू लागले. "ताई, मी तिले कधी लिहू नोको म्हटलं नाही. ती लिहीत बसे, मी सोता भाकरी थापल्या. पर तांड्यातले लोक म्हनतात सोनकी आपल्या नायकाच्या, तांड्याच्या मुखियाच्या घरची. नायकाच्या घरची बाई नवरा सोडून गेली, हे पुस्तकात? मी बी त्याच घरचा न."

फोन माझ्या हाताशी पडला होता. शेवंताबाईंचा नंबर त्यात होता. एक बटण. मी ते दाबलं नाही. कॉलेजच्या सगळ्या स्मरणिका, सगळी परिपत्रकं सरांच्या शब्दावर माझ्याकडं येत. शिवाय एवढा शिकलेला माणूस समोर बसून 'घ्या' म्हणतो तेव्हा माझे हात आपोआप कळफलकावर जातात. ती सवय कचेरीच्या भिंतीलगत लागलेली. तासाभरात प्रकरण टाइप झालं. आमच्या धंद्यात नियम आहे, जुन्या फायलीवर नवी कधी ठेवायची नाही, वेगळी ठेवायची. त्या दिवशी मी जुन्यावरच ठेवली. मुद्दाम नाही. मुद्दाम असतं तर निदान काही ठरवलं होतं असं तरी म्हणता आलं असतं. जाताना मास्तर तक्त्यांची ती पिशवीही घेऊन गेले. "घरी सांभाळून ठेवतो," म्हणाले.

पुस्तक निघालं. यवतमाळला हॉल, स्टेज, हार, समई. निमंत्रणपत्रिकेवर आणि पुस्तकावर 'सौ. शेवंता उत्तम राठोड'. त्यांनी प्रूफात 'शेवंता राठोड' एवढंच ठेवलं होतं. पाठच्या पानावर जोडीचा फोटो. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. शेवंताबाईंना पुस्तक पहिल्यांदा हातात मिळालं ते स्टेजवर, रिबीन सोडल्यावर. त्यांनी इतर लेखकांसारखं पहिलं पान नाही उघडलं. शेवट उघडला. सगळी भाषणं चालू असताना त्या मान खाली घालून वाचत होत्या, आणि मी त्यांच्याकडं बघत होते. एका ठिकाणी त्यांनी पान मागं उलटलं, पुन्हा पुढं. मग पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं.

मनोगताला त्यांना बोलावलं. माईकचा दांडा उंच होता, कोणी खाली केला नाही. टाचा उचलून त्या बोलल्या.

"शेवटचं प्रकरण माह्यं नाही. मी ते लिवलं नाही. सोनकी घरी गेली नोती. मले न विचारता..."

एवढंच ऐकू आलं. सर उठले, हसतच, "भावनेचा भर आहे," असं काहीतरी म्हणत माईककडं वळले. आभाराचा माणूस धावला. आणि शेवंताबाई अजून उभ्या असतानाच कोणीतरी राष्ट्रगीत सुरू करून टाकलं. सगळा हॉल ताडकन उभा राहिला. शेवंताबाईही सरळ उभ्या राहिल्या, हात बाजूला, तोंड बंद. मी तेव्हा दातओठ खात उभी होते. पण उभीच होते, हे लिहायला हवं.

तीन दिवसांनी त्या दुकानात आल्या. बसल्या नाहीत.

"टाइप कोनं केलं?"

"मी."

"माहा फोन नंबर नोता तुमच्यापाशी?"

"होता."

"मंग?"

मी सरांचं, कॉलेजच्या कामाचं बोलू लागले. त्यांनी हात वर केला. "त्या मास्तरले मी काय म्हनू? तो डरपोकच हाय. त्या सरले पुस्तकात आपलं नाक खुपसाचंच होतं. पर तुमी तर एकेक वेलांटी माह्यासंगं बसून लावली होती, कुंदाताई. तुमी काहून केलं?"

कोणी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं, असा आयुष्यातला तो एकच दिवस.

मग त्यांनी जुनं प्रकरण मागितलं. मी सांगितलं, गेलं; प्रूफंही पुस्तक प्रेसला गेल्यावर रद्दीत गेली. त्यांनी घरी जाऊन पिशवी शोधली. मास्तरांनी कागद पावसाळ्याआधी रद्दीत घातले होते, म्हणे वाळवी लागली होती. सात वर्षांतलं शेवटचं प्रकरण कुठंच उरलं नव्हतं, त्यांच्या डोक्याशिवाय.

पुढच्या बाजाराला त्या आल्या, खुर्ची ओढली आणि म्हणाल्या, "मी सांगते, तुमी ठोका." माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत. आजवर म्हणाल्या नाहीत. सहा बाजार त्या सांगत गेल्या आणि मी टाइप करत गेले. नवा शेवट जुन्यासारखा राहिला नाही. जुन्या शेवटात सोनकी शांत होती. नव्यात ती रागावलेली आहे. मी एकदा तसं म्हणाले, तर म्हणाल्या, "मंग? आता तिले समदं माहीत झालं न."

सरांनी दुसरी आवृत्ती काढायला नकार दिला. पुस्तकं त्यांच्याकडं, आणि निम्मी जिल्ह्यातल्या वाचनालयांत पोचलेली. तेव्हा शेवंताबाईंनी जे केलं ते मी कुठल्या लेखकानं केलेलं ऐकलं नाही. नवं प्रकरण पुस्तकाच्या मापात माझ्या प्रिंटरवर काढलं. पाच पानं झाली. एक ब्लेड घेतलं, एक पट्टी, एक डिंकाची बाटली. लेखिका म्हणून मिळालेल्या घरच्या पन्नास प्रती आधी दुरुस्त केल्या. शेवटची चार पानं शिवणीपासून कापायची, आपली पाच चिकटवायची. आतल्या पानावरच्या 'सौ.' वर आणि 'उत्तम' वर काळी रेघ. मग म्हणाल्या, आता वाचनालयं.

मी सोबत जायचं ठरवलं. त्यांनी बोलावलं नव्हतं, नको असंही म्हटलं नाही. दारव्ह्याच्या ग्रंथपालानं कुरकुर न करता पुस्तक पुढं केलं आणि वर पट्टी धरली. आर्णीला अध्यक्ष आडवे आले.

"ही सार्वजनिक मालमत्ता आहे. पान फाडणं गुन्हा आहे."

"मी फाडून नाही राह्यली. दुरुस्त करून राह्यली. हे माह्यं पुस्तक हाय."

"पुस्तक तुमचं असेल, प्रत वाचनालयाची आहे. सरांचं पत्र आणा."

"माह्या पुस्तकाले त्यायचं पत्र?" शेवंताबाईंचा आवाज चढला. पेपर वाचणारे चार म्हातारे मान वर करून बघू लागले. "त्यायनं चार पानं घुसवली तवा तुमी त्यायले कोनाचं पत्र मागतलं होतं?"

अध्यक्षांनी कपाटाला कुलूप लावलं. ती प्रत आजही तशीच आहे, सूर्योदयासकट. आर्णीच्या वाचकांनी शेवटची चार पानं वाचू नयेत, एवढं मी इथं छापून सांगते.

सरांची वकिली नोटीस आली. पुस्तकांची नासधूस, प्रकाशकाची बदनामी. कॉलेजचं काम बंद झालं, ते होणारच होतं. मास्तर एकदा दुकानाच्या पायरीपर्यंत आले. "समजवा तिले ताई, लोक हासून राह्यले." मी म्हटलं, "मास्तर, तुम्ही माझ्यासमोर खोटं बोललात आणि मी ते ऐकून घेतलं. आता समजवायला आपल्या दोघांकडं तोंड आहे का?" ते तसेच गेले. घरात त्या दोघांचं बोलणं कामापुरतं उरलं आहे. शेवंताबाईंची नोकरी स्वतःची, चूलही आता त्यांच्याच सोयीनं पेटते. घर सोडलं नाही. "सोनकीनं सोडलं, मी काहून सोडू? अर्धं घर माह्या पगारानं उभं हाय," म्हणाल्या.

पांढरकवड्याच्या वाचनालयात प्रत जागेवर नव्हती. एक बाई घेऊन गेली होती, मुदत टळून महिना झालेला. ग्रंथपालानं रजिस्टर पाहून नाव आणि गाव सांगितलं. केळापूर. जवळच. आम्ही ऑटोनं गेलो. घर शेतकऱ्याचं, अंगणात सोयाबीन वाळत घातलेलं, आणि ते पायानं फिरवत एक बाई उभी, चाळिशीची, पदर खोचलेला.

"वाचनालयाचं पुस्तक?" ती लगेच म्हणाली. "देते ना. दंड लागला असन. पर मी ते जरा खराब केलं."

आतून पुस्तक आणलं. शेवंताबाईंनी शेवट उघडला. चारही पानांवर निळ्या बॉलपेननं या टोकापासून त्या टोकापर्यंत काट मारलेली होती. दाबून, कागद फाटेस्तोवर. उगवत्या सूर्याच्या बाजूला समासात लिहिलं होतं, 'असं झालं नसन.'

शेवंताबाई पानावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"माफ करजा," ती बाई म्हणाली. "वाचनालयाचं होतं म्हणून फाडलं नाही. पर मले लय राग आला. एवढी बाई, एवढं लिवलं तिनं, अन शेवटी त्या मानसाच्या मांगं? कोनं लिवलं हे असं?"

"पुस्तक मी लिवलं," शेवंताबाई म्हणाल्या. "हे चार पानं सोडून."

त्या बाईनं त्यांच्याकडं नीट पाहिलं. मग पुस्तकावरच्या फोटोकडं. मग माझ्याकडं.

"अन हे चार पानं?"

शेवंताबाईंनी मान माझ्याकडं वळवली. त्या मला वाचवत नव्हत्या, वाट बघत होत्या.

"एका सरांनी लिहिली," मी म्हटलं. "टाइप मी केली. यांना न विचारता."

त्या बाईनं मान हलवली. शेवंताबाईंचा हात धरला, "या, आत या," म्हणाली आणि घेऊन गेली. मला कोणी या म्हटलं नाही. मी ओट्यावर बसले. योग्यच होतं ते. तरी राग आला, आणि तो कोणाचा म्हणून सांगू?

आतून पानं कापल्याचा आवाज आला. मग ती बाई म्हणाली, "डिंक वाळेस्तोवर वाचा न तुमीच." शेवंताबाई नवं प्रकरण वाचू लागल्या. मी टाइप केलेलं, दहा वेळा तपासलेलं, पन्नासावर प्रतींत चिकटवलेलं प्रकरण पहिल्यांदा सलग ऐकत होते. ऐकताना ते माझ्या बोटांतून गेलेलं वाटेना. दुसऱ्या पानावर त्या अडखळल्या.

"कुंदाताई," आतून हाक आली. "इथं एक शब्द खाल्ला तुमी."

"कोणता?"

"'सोनकीनं आपली चूल पेटवली' असं सांगतलं होतं मी. 'आपली' राह्यलं."

मी पर्समधून पेन काढला आणि आत गेले.